टायबरच्या खोऱ्यात विसावलेला माणगावचा वीर : नाईक यशवंत घाडगे

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, पेरुजिया शहराच्या उत्तरेस, एका टेकडीच्या माथ्यावर मोंतोने नावाचे लहानसे तटबंदीचे गाव आहे. २०२३ सालच्या जुलै महिन्यात या गावाने एका भारतीय सैनिकाच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले. तो सैनिक मूळचा तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्याचा. मराठा पलटणीचा हा नाईक १० जुलै १९४४ रोजी मोंतोनेच्या परिसरातील डोंगराळ मुलखात धारातीर्थी पडला, तेव्हा त्याला बाविसावे वर्ष पूर्ण होऊन आठ महिनेही झाले नव्हते. व्हिक्टोरिया क्रॉस या तत्कालीन सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी ठरलेले नाईक यशवंत घाडगे ते हेच.

माणगावच्या तहसील कचेरीच्या आवारातील त्यांचा पुतळा कोकणवासीयांच्या परिचयाचा आहे. मात्र महाराष्ट्राबाहेर, आणि महाराष्ट्रातही नव्या पिढीत, त्यांचे नाव जेवढे माहीत असावयास हवे तेवढे माहीत नाही. परकीय राजवटीच्या सैन्यात, परक्या भूमीवर, परक्यांनी पुकारलेल्या युद्धात आलेले मरण स्वतंत्र देशाने कसे स्मरावे, हा प्रश्न या विस्मरणाच्या मुळाशी आहे. घाडगे यांचे अल्पायुष्य त्या प्रश्नाकडे नव्याने पाहावयास लावते.

कुलाब्याची भूमी

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. एका बाजूस सह्याद्रीची रांग आणि दुसऱ्या बाजूस खाड्यांचा मुलूख, अशा पट्ट्यात हा तालुका वसला आहे. शेजारच्या महाड तालुक्यात रायगड किल्ला उभा आहे. शिवछत्रपतींच्या राजधानीच्या सावलीत वाढलेल्या या भागात शौर्यकथांची परंपरा घरोघरी सांगितली जात असे. पुढे १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याचे नावच रायगड असे झाले.

परंतु कथांनी पोट भरत नाही. दक्षिण कुलाबा आणि रत्नागिरी या भागांतील शेती पावसावर अवलंबून होती. चार महिने धो धो पाऊस, भाताचे एक पीक, आणि पावसाळा सरला की खडकाळ वरकस जमीन. एवढ्यावर कुटुंबाचे वर्षभर भागणे अवघड होते. त्यामुळे कोकणातील घरांतून तरुण मुलांना बाहेर पाठविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काही जण मुंबईच्या कापड गिरण्यांत जात, काही गोदीत, आणि काही सैन्यात. त्या काळी कोकणातून रेल्वे नव्हती. ती येण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. दरमहा मिळणारा ठराविक पगार, घरी येणारी मनिऑर्डर आणि निवृत्तीनंतरचे पेन्शन यांचे मोल अशा मुलखात फार मोठे होते. त्याला पलटणीच्या लौकिकाची जोड मिळे. गावात निवृत्त हवालदाराला किंवा सुभेदाराला मान असे. त्याच्याकडे पाहूनच पुढची मुले भरतीच्या रांगेत उभी राहत.

दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले आणि ही भरती अनेक पटींनी वाढली. १९४५ पर्यंत भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली. सक्तीच्या भरतीचा कायदा भारतात लागू नव्हता. त्यामुळे जगातील सर्वांत मोठे स्वयंसेवी सैन्य, असा त्याचा उल्लेख केला जातो. या स्वेच्छेमागे शौर्याची ओढ होती, तशीच कौटुंबिक गरजही होती. या दोहोंपैकी एकीचाच उल्लेख करणे त्या पिढीवर अन्याय करणारे ठरेल.

एका पलटणीचा वारसा

घाडगे दाखल झाले ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये. तिची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली होती. १९२२ च्या फेररचनेत निरनिराळ्या मराठा पलटणी एकत्र येऊन ही रेजिमेंट आकारास आली आणि बेळगाव हे तिचे प्रशिक्षणाचे ठिकाण ठरले. कुलाबा, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेली मुले बेळगावच्या कवायतीच्या मैदानावर शिपाई म्हणून घडत. आजही या रेजिमेंटचे केंद्र तेथेच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जयघोष हीच तिची रणगर्जना आहे.

घाडगे यांची तिसरी पलटण, म्हणजे सैनिकी परिभाषेत तीन-पाच मराठा, ही १७९७ साली उभी राहिलेल्या तुकडीची वारसदार होती. पहिल्या महायुद्धात, ११० वी मराठा या नावाने, याच पलटणीने मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथील दीर्घ वेढ्याचे हाल सोसले होते. एप्रिल १९१६ मध्ये तेथील सैन्याला शरणागती पत्करावी लागली आणि असंख्य भारतीय सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, इरिट्रियातील केरेनच्या डोंगरी लढाईत ही पलटण पुन्हा अग्रभागी होती. उघड्या, खडकाळ उतारावरून वर चढत जाऊन शत्रूच्या ताब्यातील शिखरे घेण्याची ती लढाई होती. या लढाईत पलटणीचे नेतृत्व डेनिस रीड या अधिकाऱ्याकडे होते. पुढे इटलीत ही पलटण ज्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिचे सेनापतीही रीडच होते. त्यामुळे मराठा सैनिक डोंगरात कसा लढतो, हे त्या सेनापतीस ऐकून नव्हे, तर पाहून ठाऊक होते.

घाडगे नाईक या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. हा हुद्दा इतर सैन्यांतील कॉर्पोरलच्या बरोबरीचा मानला जातो. नाईकाच्या हाताखाली साधारणपणे आठ-दहा जवानांची तुकडी असते. सैन्याच्या उतरंडीत ती सर्वांत लहान तुकडी. नकाशावर ती दिसत नाही, आणि लढाईच्या इतिहासात बहुधा तिचा उल्लेखही होत नाही. पण प्रत्यक्ष रणांगणावर पुढे सरकते ती हीच तुकडी. तिचा नायक जवानांबरोबरच जेवतो, त्यांच्याबरोबरच खंदकात झोपतो आणि हल्ल्याच्या वेळी त्यांच्या पुढे चालतो. बहुतेक वेळा तो त्यांच्याच वयाचा असतो. घाडगे बावीस वर्षांचे होते.

इटलीची मोहीम

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी तह केला. मात्र जर्मन सैन्याने देशाचा मोठा भाग ताब्यात घेतला आणि फील्ड मार्शल केसेलरिंग यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रत्येक नदी, प्रत्येक डोंगर लढविला. इटलीची भूमी संरक्षकाला अनुकूल होती. मध्यभागी अपेनाइन पर्वताचा कणा, आणि त्यातून दोन्ही समुद्रांकडे वाहणाऱ्या नद्या. एक रांग ओलांडावी, तर पुढे दुसरी उभी, असा तो मुलूख होता.

या मोहिमेत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या. सुमारे ५० हजार भारतीय सैनिक इटलीच्या भूमीवर उतरले. त्यांच्यापैकी ५,७८२ परत आले नाहीत. मोंते कासिनोच्या दीर्घ संघर्षानंतर ४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झाले आणि २० जूनच्या सुमारास पेरुजिया शहरही दोस्तांच्या हाती आले. फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून रोजी सैन्य उतरल्यामुळे जगाचे लक्ष तिकडे वळले होते. इटलीतील लढाई मात्र संपली नव्हती. जर्मनांना फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील गॉथिक लाइन ही संरक्षणफळी पूर्ण करावयाची होती. त्यासाठी त्यांना हवा होता वेळ. म्हणून माघार घेताना ते टप्प्याटप्प्यावर लहान तुकड्या मागे ठेवीत.

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन पुढे सरकत होती, ती अशा परिस्थितीत. रोमच्या मधून वाहणारी हीच टायबर उत्तरेकडील डोंगरांत उगम पावते. येथे तिचे खोरे अरुंद होत जाते. दोन्ही बाजूंस झाडीने भरलेल्या टेकड्या, मध्ये शेते आणि दगडी बांधणीची शेतघरे, आणि माथ्यावर मोंतोनेसारखी जुनी गावे. प्रत्येक वळणावर भूसुरुंग, प्रत्येक कड्यावर मशीनगन आणि झाडीत दबा धरून बसलेले नेमबाज, अशी जर्मनांची पद्धत होती. जुलैच्या आरंभी मोंतोने जर्मनांच्या तावडीतून सुटले. पुढचे मोठे शहर चित्ता दि कास्तेल्लो. तेथपर्यंत पोहोचण्यास महिन्याचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या टेकड्या एकामागून एक जिंकाव्या लागल्या.

सोमवार, १० जुलै १९४४

त्या दिवशी नाईक घाडगे यांची तुकडी शत्रूच्या ठाण्याकडे आगेकूच करीत असताना अगदी जवळून तिच्यावर मशीनगनचा भडिमार झाला. क्षणार्धात तुकडीतील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. पायांवर उभे राहिले, ते एकटे तुकडीनायक.

अशा वेळी सैनिकापुढे काय पर्याय असतात, हे लक्षात घेतले पाहिजे. जमिनीला चिकटून पडून राहणे, आडोसा शोधणे, मागून मदत येण्याची वाट पाहणे, यांपैकी काहीही त्यांनी केले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण मशीनगन चालूच होती. तिच्या माऱ्यात जखमी जवान उघड्यावर पडले होते. ती बंद पडेपर्यंत त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते, आणि मागच्या तुकड्यांनाही पुढे येता येत नव्हते.

घाडगे यांनी क्षणाचाही विलंब न लावता थेट त्या ठाण्यावर धाव घेतली. आधी त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालविणारा सैनिक, दोन्ही निकामी झाले. मग आपल्या टॉमीगनने त्यांनी ठाण्यातील आणखी एका सैनिकास टिपले. गोळ्या संपल्या. नवे मॅगझिन बसविण्यास अवधी नव्हता आणि दोन शत्रुसैनिक अद्याप समोर होते. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याच्या प्रहारांनी त्या दोघांना संपविले. ठाणे शांत झाले.

त्यानंतर दुसरीकडून शत्रूच्या नेमबाजांनी झाडलेल्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. आपण एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

हा सारा प्रसंग काही मिनिटांचाही नसावा. त्या दिवशी कोकणात भातलावणीचे दिवस होते. गुडघाभर चिखलात वाकून घरोघरची माणसे रोपे लावीत होती. हजारो मैलांवरच्या कोरड्या, तापलेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातीलच एक तरुण काय करून गेला, हे तेथे कळण्यास पुढे अनेक दिवस लागणार होते.

मरणोत्तर सन्मान

व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक १८५६ मध्ये सुरू झाले. परंतु भारतीय सैनिक त्यासाठी पात्र ठरले ते १९११ पासून. १९१४ साली बेल्जियममध्ये लढलेले खुदादाद खान हे त्याचे पहिले भारतीय मानकरी. शत्रूच्या समोर असामान्य धैर्य दाखविणाऱ्यास हे पदक मिळते. ते देताना हुद्दा पाहिला जात नाही. सेनापती आणि शिपाई यांच्यासाठी निकष एकच असतो. भारतीय अधिकाऱ्यांना वरच्या जागा नाकारणाऱ्या, पगारात आणि वागणुकीत भेद करणाऱ्या सैन्यात हे पदक त्या दृष्टीने वेगळे होते.

घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याची अधिकृत घोषणा १९४४ च्या नोव्हेंबरच्या आरंभी प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात त्यांनी तेविसावे वर्ष पूर्ण केले असते. पदक घरी आले. माणूस आला नाही. त्यांची ज्ञात समाधीही नाही. रोमच्या दक्षिणेस कासिनो येथील युद्धस्मारकावर, ज्यांचे अंतिम विश्रांतिस्थान ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक राष्ट्रकुल सैनिकांच्या नावांत, त्यांचे नाव कोरलेले आहे.

संपूर्ण इटली मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले. त्यांतील सहा भारतीय सैन्यातील जवानांनी मिळविले. कमल राम, यशवंत घाडगे, शेर बहादूर थापा, थमन गुरुंग, अली हैदर आणि नामदेव जाधव ही ती सहा नावे. राजस्थान, कोकण, नेपाळ, वायव्य सरहद्द आणि दख्खन अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेली ही माणसे होती. त्यांच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे. आज त्यांची गावे तीन देशांत विभागली गेली आहेत.

या यादीतील अखेरचे नाव विशेष लक्ष वेधून घेते. नामदेव जाधव हेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच. संगमनेर तालुक्यातील निमज हे त्यांचे गाव. त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे घाडगे यांच्या जन्मानंतर अवघ्या दोन दिवसांनी. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठावर पहिल्या पलटणीच्या या जवानाने, सोबतचे सहकारी पडल्यानंतर, जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले आणि शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने नष्ट केली. जाधव जखमी झाले, पण वाचले. मायदेशी परतून त्यांनी स्वातंत्र्य पाहिले, आणि १९८४ पर्यंत ते हयात होते. दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेले, एकाच रेजिमेंटचे, एकाच देशात एकाच प्रकारच्या पराक्रमासाठी गौरविले गेलेले हे दोन मराठी तरुण. एकाला पुढची चाळीस वर्षे लाभली, दुसऱ्याला एकही नाही. युद्धात कोण परततो आणि कोण परतत नाही, याला पराक्रमाचा न्याय लागू होत नाही.

युद्ध कोणाचे?

घाडगे इटलीत लढत होते, तेव्हा भारतात काय चालले होते, हेही पाहिले पाहिजे. या देशाला विचारल्यावाचून व्हाइसरॉयनी १९३९ मध्ये त्याला युद्धात ओढले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून भारत छोडो आंदोलनाची हाक दिली गेली. जुलै १९४४ मध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. गांधीजींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटका होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बंगालमधील दुष्काळाने १९४३ मध्ये लक्षावधी बळी घेतले होते. ईशान्य सीमेवर नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेचे जवान जपान्यांच्या बाजूने, तर भारतीय सैन्याचे जवान ब्रिटिशांच्या बाजूने लढत होते. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालू होते. मराठा पलटणींत भरती होणारी मुले आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेतील मुले एकाच समाजातील, पुष्कळदा शेजारच्या गावांतील होती.

स्वातंत्र्यानंतर साहजिकच देशाने आपले वीर निवडले, ते स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांतून. २६ जानेवारी १९५० पासून परमवीर चक्र हा स्वतंत्र भारताचा सर्वोच्च शौर्यसन्मान ठरला. राणीच्या नावाचे जुने पदक छातीवर मिरविणाऱ्यांविषयी आदर होता, पण अवघडलेपणही होते. महायुद्धात मरण पावलेल्या सुमारे ८७ हजार भारतीय सैनिकांची स्मारके बहुतांशी परदेशांत राहिली आणि त्यांच्या कथा रेजिमेंटच्या इतिहासग्रंथांत.

घाडगे यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांना साम्राज्याचे भाडोत्री म्हणून बाजूस सारणे हा तर त्याहून मोठा अन्याय होय. ते ज्या शत्रूविरुद्ध लढले, तो युरोपवर वंशद्वेषाची राजवट लादणारा नाझी जर्मनी होता. त्या राजवटीचा पराभव जगाच्या हिताचा होता, आणि त्यात भारताच्या खेड्यांतून आलेल्या माणसांचा मोठा वाटा होता. मोंतोनेसारख्या गावांच्या दृष्टीने तर प्रश्न अगदी साधा आहे. त्यांच्या टेकड्यांवरून जर्मन सैन्य हटविण्यासाठी जे आले, त्यांत मराठी, गढवाली, पंजाबी, बलुची आणि गुरखा जवान होते.

आणि त्या विशिष्ट क्षणी, त्या मशीनगनसमोर, घाडगे यांच्या डोळ्यांपुढे साम्राज्य असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यासमोर जमिनीवर पडलेले त्यांचेच जवान होते. तुकडीचा नायक म्हणून त्यांची जबाबदारी ज्यांच्यावर होती, ती ही माणसे. राजवट कोणाची आणि ध्वज कोणता, या प्रश्नांची उत्तरे बदलत राहतात. सोबत्याला सोडून मागे न फिरण्याचा सैनिकी धर्म मात्र बदलत नाही. परमवीर चक्राच्या मानकऱ्यांच्या कथांतही तोच धर्म पुनःपुन्हा आढळतो.

पुढे चालू राहिलेली वाट

घाडगे यांच्या पलटणीची पुढील वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिसरी मराठा पलटण छत्रीधारी सैनिकांची पलटण बनली आणि १९५२ साली ती नव्याने घडविल्या गेलेल्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील टांगाइल येथे विमानांतून उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रथम प्रवेश करणारी, ती हीच पलटण. सत्तावीस वर्षांपूर्वी टायबरच्या काठी लढलेल्या नाईकाचा वारसा स्वतंत्र भारताच्या सैन्याने असा पुढे नेला. परकीय राजवटीत घडलेली शिस्त आणि निष्ठा एका नव्या राष्ट्राच्या जन्माला साह्यभूत ठरली.

इटलीतही स्मरण हळूहळू जागे झाले. मोंतोनेची नगरपालिका आणि तेथील युद्धेतिहासाचे अभ्यासक यांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये उभे राहिलेले सूर्यघड्याळ भारताच्या राजदूतांच्या उपस्थितीत अनावृत करण्यात आले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन बोधवाक्य या स्मारकासाठी निवडण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी इटलीच्या दौऱ्यात मोंतोने येथे जाऊन या स्मारकास पुष्पांजली वाहिली. ज्या सैनिकांना युद्धाच्या वेळी स्वतःच्या देशाचा ध्वजही नव्हता, त्यांना सुमारे आठ दशकांनंतर स्वतंत्र भारताच्या प्रतिनिधींनी त्याच भूमीवर मानवंदना दिली.

माणगाव आता मोठे झाले आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या वाहनांची तेथे दिवसरात्र वर्दळ असते आणि कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. घर सोडून मुंबईला किंवा सैन्यात जाणाऱ्या तरुणांची वाट पूर्वीइतकी खडतर राहिलेली नाही. तहसील कचेरीत दाखल्यांसाठी, सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी येणारी माणसे रोज त्या पुतळ्याजवळून जातात. सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे धावणारी मुले तालुक्यातील गावोगावी आजही दिसतात. त्यांच्यातील बहुतेकांचे वय घाडगे पलटणीत दाखल झाले तेव्हाच्या वयाच्या जवळपास आहे.

यशवंत घाडगे यांच्या आयुष्याचा लेखी वृत्तान्त एका पानात मावतो. त्यातही मुख्य भाग अखेरच्या काही क्षणांचा. मात्र त्या क्षणांत त्यांनी जे केले, ते आपल्या हाती सोपविलेल्या आठ-दहा माणसांसाठी केले. पळसगावच्या या तरुणाचे स्मरण राखताना कोणत्याही साम्राज्याचा गौरव करण्याची आवश्यकता नाही, आणि त्याच्या गणवेशाबद्दल संकोच बाळगण्याचीही नाही. येत्या १० जुलैला कोकणात पुन्हा भाताची लावणी चालू असेल. त्या दिवशी माणगावच्या पुतळ्याला एक हार अर्पण करताना कासिनोच्या भिंतीवरील इतर भारतीय नावांचीही आठवण झाली, तर ती या वीराला योग्य अशी आदरांजली ठरेल.